गुडघ्यातून ‘कट्’ आवाज आलाय ना? मग मालिश नको, शेक नको

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीची आमची संध्याकाळ जशीच्या तशी डोळ्यांसमोर आली. तुम्ही लिहिलंय, कबड्डीत चढाई करून वळताना तुमच्या मुलीचा पाय मॅटवर अडकला, गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला, तासाभरात गुडघा टम्म सुजला. सरांनी स्प्रे मारून पट्टा बांधला. आता घरात मिठाची पुरचुंडी गरम करायची की उद्या गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे न्यायचं, यावर खल चाललाय. माझी लेक तेव्हा पंधरा वर्षांची होती, शाळेच्या संघात डावा कोपरा सांभाळायची. यातलं सगळं आमच्याकडे घडलंय.

मी डॉक्टर नाही. दुखावलेल्या खेळाडू मुलीचा बाप म्हणून लिहितोय, तपासणीशिवाय कुणीही खात्रीने काही सांगू शकत नाही हे लक्षात ठेवूनच वाचा.

बर्फ, पाय उशीवर उंच, क्रेप बँडेज हे तुम्हाला ठाऊक असणारच. एवढंच सांगतो, बर्फ थेट कातडीवर धरू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, मग दोन-तीन तासांनी पुन्हा. बँडेज खालून वर बांधत यायचं. पायाची बोटं गार किंवा बधिर वाटली तर लगेच सैल करायचं. बर्फाने जखम भरत नाही, दुखणं कमी होतं. १९७८ मध्ये ‘आराम, बर्फ, दाब, उंची’ हे सूत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे सांगितलं की बर्फाच्या अतिरेकाने बरं होणं लांबू शकतं. म्हणून रात्रभर बर्फ लावून बसू नका.

आता आमची चूक. मॅच संपायला सहा मिनिटं होती, आमचा संघ दोन गुणांनी मागे. जिंकलो असतो तर विभागावर जाणार होतो, आणि तिथून राज्यावर गेली तर दहावीला क्रीडागुण मिळतील हे माझ्या डोक्यात होतं. सरांनी स्प्रे मारला, मुलीने दोन उड्या मारून दाखवल्या आणि म्हणाली, “बाबा, आता दुखत नाही.” सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. तिसऱ्याच पकडीला गुडघा आत वळला आणि ती जी बसली ती उठलीच नाही. पुढे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी समजावलं, की पुढचा क्रुसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याची हाडं आतून बांधून ठेवणारा दोर, बहुधा पहिल्या आवाजालाच तुटला असणार, पण आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली ती नंतरच्या खेळण्याने. तो स्प्रे फक्त वरची कातडी बधिर करतो, आतलं काही सांधत नाही. लिगामेंट नवा बसवता आला, गादीचा काढून टाकलेला तुकडा परत येत नाही. पोरगी आज एकवीस वर्षांची आहे आणि जिने उतरताना कठडा धरते. मला सर्वांत जास्त तेच लागतं.

म्हणून माझं ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो: आवाज आला आणि दोन तासांच्या आत सूज आली, तर तो खेळाडू त्या दिवशी पुन्हा मॅटवर जाणार नाही. इतक्या लवकर सूज म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात रक्त साठलेलं असतं. साधी लचक सहसा इतक्या घाईने सुजत नाही.

दुसरी चूक त्याच रात्रीपासून. मालिशवाल्याने कोमट तेलाने चोळलं, वर आंबेहळदीचा गरम लेप. असं अकरा दिवस चाललं. ताज्या दुखापतीला पहिले दोन-तीन दिवस शेक आणि चोळणं म्हणजे आतला रक्तस्राव आणि सूज वाढवणं. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्या हाताने कित्येकांची पाठ मोकळी झालीय. पण तुटलेला लिगामेंट चोळून जुळत नाही. मध्ये एकदा एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला आणि आम्ही निश्चिंत झालो. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुमचा एक्स-रे नॉर्मल आला तरी हाडांच्या डॉक्टरांकडून हाताने गुडघा तपासून घ्या. सूज खूप असली तर आठवड्याभराने पुन्हा तपासायला बोलावतात, तेव्हा जा. एमआरआय लागेल की नाही ते तेच ठरवतील.

आणि पहिल्याच दिवसाचा कागद! यावर मी अजून संतापतो. स्पर्धेच्या प्रवेश फीमध्ये विम्याचे पैसे घेतले होते. ऑपरेशननंतर त्या कचेरीत गेलो तर म्हणे, दुखापतीच्या दिवशीचा डॉक्टरांचा कागद दाखवा. माझ्याकडे होता अकराव्या दिवसाचा. मग शाळेचं पत्र आणा म्हणाले, ते नेलं तर पंचांची सही हवी, सही आणली तर शिक्का हवा. पाच खेपा घातल्या, दर वेळी खिडकीवर वेगळा माणूस आणि वेगळी मागणी. एक पैसा मिळाला नाही. तुम्ही आजच, रात्र झाली असली तरी, सरकारी दवाखान्यात जाऊन केसपेपर काढा. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून त्याचे पैसेही लागत नाहीत. ‘कबड्डी खेळताना’ हे शब्द, तारीख आणि वेळ त्यात लिहून घ्या. सरांकडूनही दोन ओळी लिहून सही घ्या. आठवड्याने कुणाला काही आठवत नाही.

विषय निघालाच आहे तर, संघातल्या बाकी पालकांनाही हे सांगा. पकडीत डोक्याला डोकं आपटून मूल भांबावलं, उलटी झाली, स्कोअर विसरलं, तर त्या दिवशी खेळ बंद आणि थेट डॉक्टर. पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता वरून धरायचा, घासायचा नाही, दुधात टाकून तासाभराच्या आत दाताच्या डॉक्टरकडे. आमच्या मैदानाशेजारी चहाची टपरी होती, दूध मिळालंही असतं, पण माहीतच नसल्याने एका पोराचा दात कागदात गुंडाळून सुकला.

ऑपरेशनची वेळ आली तर घाबरू नका, पण घाईही नको. वाढत्या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात, म्हणून मुलांचे गुडघे नेहमी करणारा सर्जन शोधा आणि दुसरं मत घ्या. नंतरचा व्यायाम ऑपरेशनइतकाच मोठा. नऊ महिन्यांच्या आत मॅटवर पाठवू नका, मग पुढची स्पर्धा कितीही मोठी असो.

तुमच्या मुलीला चार पावलं टाकता येतात का? येत नसतील तर एक्स-रे आजच. आणि गुडघा पूर्ण सरळ होतो की मध्येच अडकतो तेही बघा. अडकत असेल तर जोर लावून सरळ करू नका, सकाळची वाट न पाहता निघा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते इथे कळवा.