अंधाराला घाबरणाऱ्या मुलीला राक्षसांची पुस्तकं वाचून दाखवावीत का?

खुशाल दाखवा. फक्त पुस्तक कोणतं आहे आणि पान कोण उलटतंय, या दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा.

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेचार वर्षांची आहे, दिवा घालवला की कपाटात राक्षस आहे आणि तुम्ही बघायला गेलात की तो लपतो म्हणते, आणि अशा मुलीला गमतीशीर पण जराशी भीतिदायक चित्रपुस्तकं दिली तर भीती जाईल की उलट आगीत तेल पडेल, असा तुमचा प्रश्न आहे. मी काही मानसतज्ज्ञ नाही. पण साधारण याच वयाच्या मुलांना बरीच वर्षं गोष्टी वाचून दाखवते आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

या वयात कल्पना सुसाट सुटलेली असते आणि खरं काय, मनातलं काय, हे वेगळं करणं अजून पक्कं झालेलं नसतं. त्यामुळे ‘अगं, राक्षस-बिक्षस काही नसतं’ हे आपलं वाक्य फुकट जातं. तिला त्यातून एवढंच कळतं की आई-बाबांना माझं म्हणणं पटत नाहीये. चांगलं चित्रपुस्तक या वादात पडतच नाही. ‘आहे ना राक्षस? बरं, बघू तरी कसा दिसतो,’ असा त्याचा पवित्रा असतो. एकदा का त्याला नाक, कान, केस आले, की त्याच्याकडे टक लावून बघता येतं, त्याला नावं ठेवता येतात, हसता येतं. न दिसणाऱ्याला हसायचं कसं?

हे सगळ्यात साफ दिसतं ते एड एम्बर्ली यांच्या १९९२च्या ‘गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!’मध्ये. पानांना भोकं पाडलेली आहेत. काळ्या पानावर आधी फक्त दोन मोठे पिवळे डोळे दिसतात. पान उलटलं की नाक येतं, मग पांढऱ्या टोकदार दातांचं लाल तोंड, मग कान, जांभळे विस्कटलेले केस आणि शेवटी आख्खा हिरवा चेहरा. इथे पुस्तकाचा मध्य येतो. मग सूर बदलतो: मी तुला घाबरत नाही, चल, केस घेऊन चालता हो. पुढच्या पानावर केस गायब. मग एकेक अवयव जात जात शेवटी नुसतं काळं पान उरतं.

एक मुलगा हे पुस्तक माझ्याबरोबर बघायचा. दातांचं पान आलं की पुस्तक फटकन मिटायचा, त्यावर दोन्ही हात दाबून बसायचा, आणि मग एका बोटाने कडा उचलून आत डोकवायचा. मी काही बोलायचे नाही. हळूहळू त्याचा दाबून बसण्याचा वेळ कमी होत गेला. नंतर पुढचा अर्धा भाग तो मला वाचूच देईना. ‘नाक, जा!’ असा दरडावून हुकूम सोडायचा आणि पान उलटायचा. पुस्तकातल्या राक्षसाला परत यायचं असलं तरी मुलाची परवानगी लागते. ‘मी म्हणेपर्यंत परत यायचं नाही’ हे ते शेवटचं वाक्य तर तो मुलगा आल्यागेल्याला ऐकवायचा.

पान मिटणं, परत उघडणं, यातच सगळी मेख आहे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली होती. तो सशाला घाबरायचा. त्याला आवडीचं खायला देत पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवला, मग बेताबेताने जवळ आणला. न घाबरणारी मुलंही आसपास खेळायला असायची. शेवटी तो सशाला हात लावू लागला. भीतीच्या उपचारांत आजही हेच तत्त्व वापरतात: थोडं थोडं जवळ जायचं, तेही मन प्रसन्न असताना. पुस्तकात अंतर किती ठेवायचं ते मूलच ठरवतं. म्हणून पानं तिला उलटू द्या, आणि नको म्हणाली तर तिथेच थांबा. ‘शूर मुलं अशी घाबरतात का?’ हे तर अजिबात नको. सिनेमा आणि मोबाईलवरचे व्हिडिओ यासाठी मला कमी पटतात ते याच कारणाने. तिथे चित्र स्वतःच्या वेगाने पुढे सरकतं, मूल त्यात नुसतं अडकतं.

आता पुस्तक निवडायचं कसं? दुकानात किंवा वाचनालयात उभ्या उभ्या मी आधी शेवटची दोन पानं बघते. शेवटी सूत्रं कोणाच्या हातात आहेत? मर्सर मेयर यांच्या १९६८च्या ‘देअर्स अ नाइटमेअर इन माय क्लॉझेट’मध्ये कपाटातल्या राक्षसाची वाट बघत पोरगा खेळण्यातली बंदूक घेऊन पलंगावर दबा धरून बसतो. पण झाडलेल्या गोळीनंतर ते अगडबंब ध्यान भोकाड पसरतं. मग पोरालाच त्याची समजूत काढून त्याला आपल्या पलंगावर झोपवावं लागतं. कपाटाचीच भीती असलेल्या मुलांना हे पुस्तक फार आवडतं, कारण त्यात राक्षसाला थोपटणारं माणूस म्हणजे ती स्वतःच असतात. (बंदूक खटकत असेल तर ‘ठो’ एवढंच म्हणून पुढे जा. मुलांचं लक्ष रडणाऱ्या राक्षसाकडेच असतं.)

‘द ग्रफलो’ (१९९९) मध्ये मजा वेगळी आहे. उंदीर स्वतःच्या बचावासाठी एक भयंकर प्राणी मनाने रचतो आणि तोच समोर येऊन उभा राहतो. तरी उंदीर त्यालाही बनवतो. गोष्ट ज्युलिया डोनाल्डसन यांची. चित्रं काढणाऱ्या अ‍ॅक्सेल शेफलर यांचा सुरुवातीचा ग्रफलो जास्त उग्र होता. लहान मुलं घाबरतील म्हणून त्याला गोलमटोल करून घेतलं. किती भीती पुरे, हे चांगल्या प्रकाशकांनाही असं चाचपडत ठरवावं लागतं.

आणि मॉरिस सेंडाक यांचं १९६३चं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. ते आलं तेव्हा मुलं घाबरतील म्हणून मोठ्यांनी नाकं मुरडली होती. दुसऱ्याच वर्षी त्याला कॅल्डेकॉट पदक, म्हणजे अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा मोठा पुरस्कार, मिळालं. त्यातली चित्रं नीट बघा. सुरुवातीला भोवती भरपूर पांढरी जागा सोडलेलं छोटं चित्र असतं. पोराचा राग आणि त्याचं जंगल वाढत जातं तसतसं ते पान व्यापत जातं. राक्षसांचा धिंगाणा ऐन भरात येतो तेव्हा सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. मग चित्रं पुन्हा आवरत जातात आणि शेवटच्या पानावर चित्रच नसतं. भीती फुगते आणि ओसरते हे मुलाला शब्दांनी सांगावं लागत नाही, डोळ्यांना दिसतं. तो पोरगा राक्षसांना मारत नाही, हेही मला आवडतं. त्यांचा राजा होतो, मग त्याला एकटं वाटायला लागतं आणि तो घरी येतो.

‘क्रीपी कॅरट्स!’ (२०१२) सध्या थांबवा. काळ्या-पांढऱ्या चित्रांत फक्त नारिंगी रंग, आणि सशाचा पाठलाग करणारी गाजरं. मोठी मुलं खदखदून हसतात. पण त्यात आई-बाबा येऊन बघतात तेव्हा काहीच सापडत नाही, आणि शेवटी कळतं की गाजरं खरंच जिवंत होती. तुमच्या मुलीची तक्रार नेमकी हीच आहे की तुम्ही बघता तेव्हा राक्षस लपतो. सहा-सात वर्षांची झाली की द्या.

ज्या पुस्तकात आई शेवटी दिवा लावते, कपाटात कोटच होता हे दाखवते आणि सगळे हसतात, ते मला स्वतःला पटत नाही. त्यात मूल येडं ठरतं.

पहिलं वाचन दिवसा करा. झोपताना अनोळखी राक्षस नको. पुस्तक ओळखीचं झालं, पुढे काय होणार हे तिला पाठ झालं, की रात्री चालेल. तेच ते पुन्हा मागितलं तर कंटाळू नका, पुढचं माहीत असणं हीच तिची मजा आहे. आवाज काढताना तिच्या चेहऱ्याकडे बघा. हसून तुम्हाला बिलगली तर ठीक. अंग ताठ झालं, नजर दुसरीकडे वळली, तर आवाज उतरवा किंवा राक्षसाला सर्दी झाल्यासारखं शेंबडं बोला. हा उपाय माझ्याकडे फारसा फसलेला नाही. आणि घरात कोणी ‘जेवली नाहीस तर बागुलबुवा नेईल’ म्हणत असेल तर ते आधी बंद करा. एकीकडे बागुलबुवाला कामाला लावायचं आणि दुसरीकडे त्याला हसायला शिकवायचं, हे जमणार नाही.

भीतीमुळे तिची झोप कित्येक आठवडे उडालेली असेल, शाळेत जायला किंवा एकटीने दुसऱ्या खोलीत जायलाही ती दिवसाढवळ्या नकार देत असेल, तर पुस्तकांवर विसंबू नका, बालरोगतज्ज्ञांशी बोला.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर एम्बर्लींचं घ्या. मूळ इंग्रजीत आहे, पण शब्द इतके थोडे आहेत की चित्र बघत सरळ मराठीत सांगता येईल. केस आधी जाणार की कान, यावर तिने तुमची चूक काढली तर काढू द्या.