वर्गातला वंशवृक्ष आणि रिकामी चौकट

प्रश्न : तिसरीला ‘माझे कुटुंब’ शिकवताना मी वंशवृक्षाचा तक्ता भरायला देते. यंदा काही मुलांनी ‘वडील’ची चौकट कोरी ठेवली. एकाने मामाचं नाव लिहून खोडलं. आईबाप ऊसतोडीला गेलेली पोरं आजीकडे राहतात, ती अडखळतात. काय करावं?
— एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : तक्ता बाजूला ठेवा. मूल कुणाच्या पोटी जन्मलं आणि त्याला कोण वाढवतं, हे दोन प्रश्न त्यात एकाच चौकटीत कोंबलेत. तिसरीला दुसरा पुरे. कोरा कागद द्या, मधोमध घर काढू द्या आणि विचारा : सकाळी कोण उठवतं? वेणी कोण घालतं? ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं? घरात नाहीत, पण आपली आहेत, अशी माणसं सध्या कुठे आहेत?

शेवटचा प्रश्न ऊसतोडीच्या पोरांसाठी. दिवाळीच्या आसपास गेलेले आईबाप मार्च-एप्रिलपर्यंत फडातच. ते कागदाच्या कडेला, उसाच्या गाडीशेजारी येऊ द्यात, घरात आजी. मामा लिहिणाऱ्याला मामाच लिहू द्या. काही घरांत आजीलाच ‘आई’ म्हणतात आणि आईला ‘वहिनी’. तिथे ‘आई’ म्हणून आजीचं नाव आलं तर लाल खूण करू नका.

फळ्यावर नमुना काढाल तो आई आणि लेक एवढ्याच घराचा, मग आजी-नातवाचा. आई-बाबा-दोन मुलं आधी काढलंत तर निम्मा वर्ग तेच उतरवतो. ‘सावत्र’, ‘दत्तक’ हे शब्द मुलाने वापरले तरच तुम्ही वापरा. चित्र भिंतीवर लावण्याआधी त्याला विचारा.

शाळेचं दप्तर, म्हणजे नोंदवही, वेगळं. तिथे जन्मदाखल्यातलंच नाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी राज्यात क्रम ठरलाय : मुलाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. अविवाहित आईला जन्मदाखल्यासाठी वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्येच तसं म्हटलंय. तेव्हा तशा दाखल्यावरून प्रवेश अडवू नका.

आणि ‘ज्यांचे वडील नाहीत त्यांनी हात वर करा’ हे कृपा करून बंद. नोंद हवी तर पालकांना एकेकटं बोलवा. त्याच वेळी एक पालक गमावलेल्या मुलांच्या घरी बालसंगोपन योजनेबद्दल, म्हणजे अशा मुलांना वाढवण्यासाठीच्या सरकारी मदतीबद्दल, सांगा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. मृत्यूचा दाखला नसल्याने बरेच अर्ज रखडतात, तो आधी काढायला लावा.