वर्षभराचं वाचन-आव्हान घ्यायचं आहे. ऑडिओबुक धरावं का, आणि विषय कसे निवडावेत?

धरावं. पूर्ण धरावं, अर्धं नव्हे, आणि वेगळ्या रकान्यातही नव्हे. "मित्र म्हणतात, ऐकलेलं पुस्तक वाचलेलं होत नाही" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि विषय कसे निवडावेत, नोकरी सांभाळून किती पुस्तकं होतात, हे बाकीचं बाजूला ठेवून आधी यावरच लिहावंसं वाटलं. हा वाद आमच्या घरात झालेला आहे आणि माझ्यापुरता तो अजून मिटलेला नाही.

माझी आई ग्रंथपाल होती. निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिला मॅक्युलर डीजनरेशन झालं. यात दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी होत जातो. कडेचं दिसतं, त्यामुळे माणूस घरात न धडपडता वावरतो, पण जिथे थेट बघावं नेमकं तिथेच धूसर होतं. ओळीवर नजर ठेवली की तीच अक्षरं पुसली जातात. भिंग झालं, मोठ्या टाइपातली पुस्तकं झाली, मग त्यांचाही उपयोग होईना. जिनं आयुष्यभर लोकांना हवं ते पुस्तक फडताळातून काढून दिलं, तिला स्वतःच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं मला विचारावी लागू लागली.

त्याच सुमारास मामांनी, म्हणजे आईच्या थोरल्या भावानं, नातेवाइकांच्या गटात वर्षभराचं वाचन-आव्हान जाहीर केलं. मामा दांडगे वाचक आहेत, यादीही त्यांनी मनापासून केली होती. २४ विषय, महिन्याला दोन. अनुवादित पुस्तक, प्रवासवर्णन, विज्ञान, कवितासंग्रह, आपल्या जन्माआधी निघालेलं पुस्तक, आजवर टाळलेल्या प्रकारातलं पुस्तक, असं बरंच काही. खाली नियम: पुस्तक छापील हवं, किमान १५० पानांचं हवं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं हवं. मी आईला यादी वाचून दाखवली. तिनं शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "माझं नाव घाल."

मग ते वर्ष आम्ही दोघींनी मिळून काढलं. जी पुस्तकं ऑडिओवर मिळाली ती तिनं फोनवर ऐकली. जी मिळाली नाहीत ती मी रात्री वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि ती दुसऱ्या दिवशी ऐकायची. ग्रंथपालाची सवय अशी की पुस्तक सुरू करण्याआधी तिला प्रकाशक, आवृत्ती, प्रकाशनवर्ष आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव हवं. विकतच्या ध्वनिमुद्रणात हे पुष्कळदा नसतं, प्रस्तावना आणि टिपाही कधी कधी गाळलेल्या असतात. त्या मला छापील प्रत मिळवून वाचून दाखवाव्या लागल्या. 'जन्माआधी निघालेलं' या विषयासाठी मी एक पुस्तक शोधलं तर तिनं लगेच विचारलं, "हे साल पहिल्या आवृत्तीचं की पुनर्मुद्रणाचं?" तपासलं तर पुनर्मुद्रणाचं होतं, पहिली आवृत्ती त्याच्याही पुष्कळ आधीची. गटात इतकं काटेकोर बाकी कुणीच नव्हतं.

टाळलेल्या प्रकारात तिनं रहस्यकथा घेतली. नोकरीत असताना हजारो रहस्यकथा तिच्या हातून गेल्या होत्या, पण वाचली एकही नव्हती. ती पुस्तकं हलकी, असं तिचं मत होतं. ऐकायला लागली आणि अशी रंगली की जेवायच्या वेळीही हेडफोन काढेना. तेच पुस्तक मी छापील वाचत होते. निम्म्यावर आल्यावर तिनं मला खुनी कोण ते सांगितलं, कारणांसकट. एका पात्रानं दोन ठिकाणी एकच गोष्ट जराशी वेगळी सांगितली होती, ते तिच्या कानांनी टिपलं होतं. माझे डोळे त्या ओळींवरून सरळ पुढे गेले होते.

डिसेंबरअखेर मामांनी सगळ्यांची यादी गटात टाकली. आईचं नाव तिच्या २४ पुस्तकांसह सर्वांत खाली, वेगळ्या शीर्षकाखाली होतं: 'ऐकलेली'. मी फोन केला. मामा म्हणाले, "नियम म्हणजे नियम. तिचं कौतुकच आहे, पण हे श्रवण झालं, वाचन नव्हे." आई म्हणाली, "दादाला बोलू नकोस, त्याची यादी आहे." मी बोलले. त्यांनी ती यादी कधीच बदलली नाही.

आता मामांचे मुद्दे आणि माझी उत्तरं. तुमच्या मित्रांचे मुद्देही बहुधा हेच असतील.

पहिला मुद्दा: ऐकण्यात कष्ट नाहीत, कान आयतं घेतात. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञानं वाचनाच्या वेगावरच्या १९० अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजीत मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग ललितेतर पुस्तकांसाठी मिनिटाला २३८ शब्द आणि कथा-कादंबरीसाठी २६० निघाला. ऑडिओबुकचा निवेदक साधारण १५० ते १६० शब्दांच्या चालीनं वाचतो. म्हणजे मूळ वेगानं ऐकणारा माणूस त्याच पुस्तकाला जास्त तास देतो, आणि कंटाळवाणा परिच्छेद नजरेनं उडवायची सोय त्याला नसते.

दुसरा मुद्दा: डोक्यात तेवढं शिरत नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्येच, त्याच माणसांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या, एकदा वाचायला दिल्या आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. शब्दांचा अर्थ लावताना मेंदूत जे भाग जागे होतात त्यांचा नकाशा दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच आला. माणसं मोजकीच होती, हे खरं. पण 'शिरत नाही' म्हणणाऱ्यांकडे सहसा तेवढाही आधार नसतो.

तिसरा मुद्दा, मामांचा सर्वांत लाडका: खरं वाचन म्हणजे एकट्यानं, डोळ्यांनी, गुपचूप. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती संत ऑगस्टिननं मिलानचे बिशप अँब्रोज यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे की ते वाचताना नजर पानावरून फिरायची, पण आवाज निघायचा नाही. त्याला ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवावीशी वाटली. शतकानुशतकं पुस्तक म्हणजे एकानं मोठ्यानं वाचायचं आणि भोवतीच्यांनी ऐकायचं, असं पुष्कळदा असायचं. ते सगळे लोक अडाणी होते असं मामाही म्हणणार नाहीत. आणि ध्वनिमुद्रित पुस्तकं ही काही आळशी लोकांची सोय म्हणून निघालेली नाहीत. अमेरिकेत १९३४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये तबकड्यांवरची पुस्तकं अंध वाचकांना मिळू लागली, ती त्यांनाही वाचता यावं म्हणूनच.

आई नोकरीत असताना ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांचे ग्रंथालयांसाठीचे १९३१ चे पाच नियम तिच्या टेबलाच्या काचेखाली असायचे. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पुस्तक कागदाचंच हवं, असं त्या पाचांत कुठेही नाही. पानांच्या किमान मर्यादेलाही माझा विरोध आहे तो यामुळेच. १५० पानांच्या अटीत बहुतेक कवितासंग्रह, नाटकं आणि पुष्कळसं बालसाहित्य बाद होतं. यादीत 'कवितासंग्रह' लिहायचं आणि वर पानांची अट घालायची, याला काही अर्थ नाही.

विषयांबद्दल थोडक्यात. विषय दोन जातींचे असतात. एक, पुस्तकाच्या आतलं बघणारे: अनुवाद, न पाहिलेला देश, आपण कधी न केलेल्या कामाबद्दलचं पुस्तक, आपल्या मताच्या विरुद्ध बाजूनं लिहिलेलं. दुसरे, बाहेरचं बघणारे: निळं मुखपृष्ठ, शीर्षकात आकडा, लेखकाच्या नावाचं पहिलं अक्षर. दुसऱ्या जातीचे विषय मी सरळ काढून टाकते. पॉपशुगर या अमेरिकी संकेतस्थळाच्या वाचन-आव्हानाच्या २०१५ च्या पहिल्या यादीत ५० विषय होते आणि दोन्ही जाती मिसळलेल्या होत्या. बुक रायट या पुस्तकांवरच्या संकेतस्थळाची 'रीड हार्डर' यादी त्याच वर्षी सुरू झाली. ती २४ विषयांची, आणि तिचा रोख आतलं बघण्यावर जास्त. नवख्या माणसाला मी 'रीड हार्डर'च सुचवेन. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायच्या गुडरीड्स या संकेतस्थळावरचं वार्षिक आव्हान नुसत्या आकड्याचं आहे. त्यानं पुस्तकं वाढतात, पण रुची त्याच वळणावर राहते.

चांगला विषय माणसाला शोधायला लावतो. अ‍ॅन मॉर्गन या ब्रिटिश लेखिकेनं २०१२ या एका वर्षात जगातल्या प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचायचं ठरवलं. १९६ देश, शिवाय वाचकांनी सुचवलेला एक प्रदेश. साओ टोमे आणि प्रिन्सिपे या देशाचं काहीच इंग्रजीत मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांनी एक पुस्तक तिच्यासाठी पोर्तुगीजमधून अनुवादित करून दिलं. तिच्या एका विषयामुळे एक अनुवाद तयार झाला. एवढं मोठं तुम्ही करावं असं नाही, पण यादीत निदान दोन-तीन विषय असे असू देत की त्यांचं पुस्तक तुमच्या घरात आज नाही.

शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे, हा नियमही सोडा. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा हिशोब आमच्या घरी चालतो: ५० पानं वाचा, नाही जमलं तर ठेवून द्या. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं. म्हणजे सत्तरीच्या वाचकाला ३० पानं पुरे. आईनं त्या वर्षी एक गाजलेली कादंबरी तिसाव्या पानाच्या आतच बंद करायला लावली आणि दुसरी मागितली. मामांनी बहुधा तीच कादंबरी नेटानं पूर्ण केली.

नोकरी सांभाळून २४ झेपतात, पण पहिल्या वर्षी १२ घ्या. विषयांचा क्रम महिन्यांना बांधू नका. पुस्तक ज्या महिन्यात हाती येईल त्या महिन्यात वाचा. एक पुस्तक दोन विषयांत बसत असेल तर एकातच धरा. यात मात्र मी मामांच्या बाजूची आहे, नाहीतर चार पुस्तकांत यादी संपते.

ऑडिओबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. आलेख, नकाशे, गणितं असलेलं पुस्तक नुसतं ऐकून कळत नाही, ते डोळ्यांनीच वाचावं, आणि ज्याला शक्य नाही त्याला शेजारी बसून कुणीतरी चित्र समजावून सांगावं. आणि वेग दुप्पट करून यादीवर खूण करण्यापुरतं ऐकणार असाल तर ते मीही धरणार नाही. झोप लागली तर मागे जाऊन पुन्हा ऐका. आई तसंच करायची, आणि कुठून ऐकायचं राहिलं ते तिला वाक्यासकट आठवायचं.

मित्रांनी तरीही ऐकलेली पुस्तकं वेगळ्या रकान्यात टाकायचं म्हटलं, तर त्यांच्याशी वर्षभर वाद घालू नका. स्वतःची यादी करा, नियम तुमचे ठेवा आणि ज्यांना छापील वाचता येत नाही अशा एखाद्याला सोबत घ्या. आमची दोघींची यादी आता वेगळी असते. ती यादी मी मामांनाही दरवर्षी पाठवते.