सोनामुखी, बिसाकोडिल आणि रात्रीचं गरम दूध

तुमच्या आई पोट साफ व्हावं म्हणून रोज चूर्ण घेतातच, त्यात परवा बिसाकोडिल ही जुलाबाची गोळी गरम दुधाबरोबर घेतली आणि पोटात मुरडा आला. म्हणून विचारताय, ही औषधं आतडी निकामी करतात का?

आधी दुधाचं. या गोळीचं वेष्टण जठरातल्या आम्लात टिकतं आणि पुढे आतड्यात विरघळतं. दुधाने किंवा अँटासिडने आम्ल कमी झालं की ते जठरातच सुटतं, मग मळमळ, पोटदुखी. मुरडा एरवीही येऊ शकतो, पण हे कारण तरी टाळता येतं. गोळी पाण्याबरोबर अख्खी गिळायची. दूध आणि अँटासिड आधी-नंतर तासभर नको.

आता चूर्णाचं पाकीट उलटून बघा. अशा बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, म्हणजे बिसाकोडिलच्याच जातीचं औषध. तशी असेल तर आईंचा डोस दुप्पट झाला असणार. सोनामुखीतली द्रव्यं मोठ्या आतड्यापर्यंत जवळजवळ तशीच पोचतात. तिथले जिवाणू ती फोडतात, मग आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना चालना मिळून मळ पुढे ढकलला जातो आणि त्यातलं पाणीही कमी शोषलं जातं. याला 6 ते 12 तास लागतात, म्हणून ती झोपताना घेतात. दोन तासांत काही झालं नाही म्हणून आणखी एक चमचा, असं कृपया कुणी करू नका.

इसबगोल किंवा लॅक्टुलोज (मळ मऊ करणारं पातळ औषध) यांनी भागत नसेल तर थोडे दिवस ही औषधं जरूर घ्यावीत. मॉर्फिन, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांनी आतडी मंदावतात, तिथे तर डॉक्टर बरेचदा सुरुवातीलाच सोनामुखी किंवा बिसाकोडिल देतात.

योग्य डोसने आतडी कायमची निकामी होतात, याला भक्कम पुरावा नाही. सोनामुखी वर्षानुवर्षं घेतली तर आतड्याचं अस्तर काळपट दिसतं, पण औषध थांबवल्यावर तो रंग हळूहळू जातो. मला काळजी वाटते ती पोटॅशियमची. रोज पातळ जुलाब होत असतील आणि आई बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळीही घेत असतील, तर पोटॅशियम घसरून अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्त तपासून घ्या, आणि डॉक्टरांना चूर्णाचंही सांगा. घरचं म्हणून ते सांगायचं राहून जातं.

पोट फुगून तीव्र दुखत असेल, उलट्या होत असतील, वारा सरत नसेल तर यातलं काहीही न देता थेट रुग्णालय गाठा. शौचातून रक्त, वजन घटणं किंवा या वयात नव्याने सुरू झालेली बद्धकोष्ठता असेल तर चूर्ण बदलत बसू नका, तपासणी करून घ्या.