शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. केलं तर चालेल, की पुणंच गाठावं?

चालेल. पण "घरचे म्हणतात, कोल्हापुरात राहून काय होणार" हे तुम्ही लिहिलंय ते वाचलं आणि डोकंच सणकलं. एम.एस्सी. होईपर्यंत आमच्या मामानं मला हेच ऐकवलं.

मी गारगोटीकडचा. फिजिक्सला नंबर लागला, घरची परिस्थिती बेताची, म्हणून विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेत नाव घातलं. रोज थोडं काम, बाकी लेक्चर आणि प्रॅक्टिकल. एकदा मामा मार्केट यार्डातनं गुळाच्या विक्रीची पट्टी घेऊन थेट विद्यापीठात आला. मी बागेत पाइप धरून उभा. "एम.एस्सी.ला घातलंय का माळीकामाला?" सगळ्या पोरांसमोर! चहा घे म्हटलं तर न घेताच गेला, आणि गावात सांगत सुटला की पोरगं वाया गेलं. त्याचा स्वतःचा लेक तेव्हा पुण्यात कॉट बेसिसवर. खोली, मेस, क्लास धरून महिन्याला तो जेवढं उडवायचा, तेवढ्यात माझी अख्खी सेमिस्टर निघायची. हे मात्र गावात कुणी बोललं नाही.

ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून शिकणाऱ्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, तिथं राबून शिकायची लाज कसली?

मामाला वाटायचं, कोल्हापूरचं म्हणजे गल्लीतलं कॉलेज. १९६२ सालचं विद्यापीठ आहे ते, आवारच साडेआठशे एकरांच्या वर. फिजिक्समध्ये थिन फिल्मचं (पदार्थांच्या अतिपातळ थरांचं) काम इथं जुनं आणि नावाजलेलं आहे. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून वाचायची सवय लागली तर क्लासवाल्याला पैसे मोजायची गरज नाही. (आवारातल्या मोरांचं ओरडणं तेवढं सहन करायचं.)

आता, तुमचा विषय तुम्ही लिहिलाच नाही. कॉम्प्युटरवाले असाल आणि आयटीतच जायचं असेल तर पुण्याला जा, हिंजवडी तिथं आहे, त्यात वाद नाही. नेट-सेट (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा), पीएच.डी. डोक्यात असेल तर गाव बघू नका, शिकवणारा गाईड बघा. हॉस्टेलला नंबर नाही लागला तर राजारामपुरीकडं खोली घ्यावी लागेल, मग इथलाही खर्च वाढतो, तो धरून चाला.

आणि पुण्याचा खर्च कोण करणार, हे सल्ला देणाऱ्याला आधी विचारा. आमच्या मामानं एक रुपया दिला नव्हता.