पाळकांना विचारा : ‘देवाची इच्छा’ म्हणण्याआधी

प्रश्न : पाळकसाहेब, आमच्या मंडळीतला चोवीस वर्षांचा मुलगा मागच्या महिन्यात लोकलमधून पडून गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्या आईला ‘देवाची इच्छा’, ‘चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात’ असे सांगत होता. आता तिने उपासनेला येणेच सोडले आहे. आम्ही महिला मंडळाच्या बहिणी तिच्याकडे जातो, पण ‘देवाने असे का केले?’ या तिच्या प्रश्नापुढे गप्प होतो. काय उत्तर द्यावे?
— एक भगिनी, विक्रोळी

उत्तर : ताई, त्या ‘का’ला उत्तर तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. ज्यांनी ते दिले त्यांच्याकडेही नव्हते. दुःखाच्या घरातली शांतता सोसवत नाही म्हणून माणसे काहीतरी बोलतात. हेतू वाईट नसतो. पण आईला त्यातून एवढेच ऐकू येते, की माझ्या मुलाला दारातून ढकलणारा हात देवाचा होता. अशा देवाच्या मंदिरात ती रविवारी कोणत्या मनाने येईल?

लूक १३:१-५ उघडून पाहा. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती काय, असे प्रभूने स्वतःच विचारले आणि स्वतःच ‘नाही’ म्हटले. बुरूज का पडला याचे आध्यात्मिक कारण त्याने दिले नाही. जे जिवंत होते त्यांना मात्र पश्चात्तापाला बोलावले. सकाळच्या गाडीत तरुण पोरांना दारात लटकून जावे लागते, याला माणसांच्या हातची कारणे आहेत. त्यावर ‘देवाची इच्छा’ असा शिक्का मारला, की ज्यांनी ते सुधारायचे ते मोकळे सुटतात. हे बोलणे धार्मिक वाटते, पण ते देवावर घेतलेला आळ आहे.

मुले आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोलले नाही (ईयोब २:१३). तिथवर त्यांचे सारे बरोबर होते. कारणे सांगायला लागले तिथे ते चुकले. शेवटी परमेश्वराचा कोप झाला तो त्यांच्यावर. देवाशी भांडणारा ईयोबच योग्य बोलला, असे परमेश्वर म्हणतो (४२:७). त्या आईला हे जरूर सांगा. तिचा राग म्हणजे विश्वासाचा अभाव नव्हे.

ती तयार असेल तेव्हाच तिच्याबरोबर स्तोत्र १३ वाचा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन तक्रारीच्या, मधल्या दोन मागणीच्या, शेवटच्या दोन भरवशाच्या. ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. शेवटच्या दोन ओव्या तिच्या तोंडून निघत नसतील तर चौथ्या ओवीवर थांबा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे रोमकरांस पत्रातले वचन (८:२८) खरे आहे, पण पहिल्या वर्षात ते तिला तुम्ही ऐकवू नका. तिला स्वतःला ते सापडेल तेव्हा सापडू द्या.

उपासनेला ये म्हणून आग्रह नको. पुनरुत्थानाची गीते सुरू झाली की अशा आयांना बसवत नाही. पहिले गीत झाल्यावर आत यायचे, दाराजवळच्या बाकावर एका बहिणीशेजारी बसायचे आणि आशीर्वादाआधी निघायचे, म्हणजे बाहेर पन्नास माणसांशी हात मिळवावा लागत नाही. एवढी सोय करून ठेवा, ती हळूहळू येईल.

घरी जाण्याची पाळी लावा. पहिल्या आठवड्यात डबे ओसंडून वाहतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून कोणी फिरकत नाही, हे आपल्याकडे नेहमी होते. म्हणून खरे काम तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होते. आठवड्यातून दोनदा दोघीजणी, अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त नको. डबा परत करावा लागणार नाही अशा भांड्यात न्या. ‘काही लागले तर सांग’ म्हणू नका, ती सांगणार नाही. ‘गुरुवारचा बाजार मी करते’ म्हणा आणि करा. मुलाचे नाव घ्या. नाव टाळले की तिला वाटते, सगळे त्याला विसरले. त्याचा वाढदिवस, पहिला नाताळ, वर्षाचा दिवस वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी कोणीतरी जाच. खाणे आणि झोप आठवडेच्या आठवडे बंद असेल किंवा ‘मलाही जगायचे नाही’ असे ती म्हणत असेल, तर प्रार्थना करा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडेही न्या.

आता कागदपत्रांचे. हे काम पंचांपैकी एकाने अंगावर घ्यावे. मृत्यूची नोंद महापालिकेकडे २१ दिवसांच्या आत झाली की सोपे जाते, उशीर झाला की शुल्क आणि परवानग्या लागतात. अजून दाखला हातात नसेल तर आधी तो काढा. लोहमार्ग पोलिसांकडून अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती घ्या. प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडून मेला, तर रेल्वेची चूक सिद्ध न करताही वारसांना ८ लाख रुपये भरपाई मिळू शकते. अर्ज एका वर्षाच्या आत रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे करायचा. रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूला ही तरतूद लागू नाही. पास मोबाइलमध्ये असेल तर मुलाचे सिम बंद करण्याची घाई करू नका, आधी पासाचा पुरावा काढून ठेवा. पास किंवा तिकीट सापडले नाही तरी दावा आपोआप बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसे स्पष्ट केले आहे, मात्र तो प्रवासीच होता असे प्रतिज्ञापत्र वारसांनी द्यावे लागते. कोऱ्या कागदावर कोणालाही सही देऊ नका. स्त्री अर्जदाराला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. भरपाई घेणे म्हणजे मुलाची किंमत करणे, असे कोणी म्हणाले तर त्यांना घराचे भाडे विचारा.

प्रश्न : मंडळीतल्या एका तरुणाने आत्महत्या केली. काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की प्रेत मंदिरात आणू नये, घंटा वाजवू नये, ‘शास्त्रात मनाई आहे’. शेवटी दफनभूमीतच छोटी प्रार्थना झाली. घरचे फार दुखावले. योग्य काय होते?
— मंडळीचा एक पंच, भायखळा

उत्तर : शास्त्रात अशी मनाई नाही. दाविदाचा सल्लागार अहीथोफेल याने गळफास घेतला आणि त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरले, एवढेच २ शमुवेल १७:२३ सांगते. शौल राजा आपल्याच तलवारीवर पडला. याबेश गिलादचे शूर लोक रात्रभर चालून त्याचे प्रेत घेऊन आले, त्याच्या अस्थी पुरल्या आणि सात दिवस उपास केला. दाविदाने त्याच्यासाठी विलापगीत रचले. प्रभूला धरून देऊन नंतर गळफास घेतलेल्या यहूदाचे उदाहरण सगळे देतात, पण प्रभू त्याच्याविषयी बोलतो ते त्याच्या विश्वासघाताबद्दल.

मग ही मनाई आली कुठून? इंग्लंडच्या मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या सुरुवातीला एक सूचना छापलेली आहे: बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि स्वतःचा जीव घेतलेले, यांच्यासाठी हा विधी वापरू नये. ती सूचना माणसांनी लिहिली आणि मिशनबरोबर इथवर आली. रोमन कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या नियमांत ज्यांना ख्रिस्ती दफन नाकारावे त्यांच्या यादीत आत्महत्या केलेले नाहीत. आपण मात्र जुनी सूचना वचनासारखी जपतो.

म्हणून पूर्ण विधी करा. मंदिरात आणा, घंटा वाजवा. आधी पोलीस आणि शवविच्छेदन टळत नाही, ते टाळण्यासाठी कोणी ‘हार्ट अटॅक’ लिहून द्यायला सांगत असेल तर तसे करू नका. चिठ्ठी असेल तर फाडू नका, पोलिसांकडे द्या. चारचौघांत काय सांगायचे ते घरच्यांनी ठरवावे आणि मंडळीने तेवढेच बोलावे. उपदेशात मृत्यू कसा झाला याचे वर्णन नको. ‘तो सुटला’, ‘आता त्याला शांती मिळाली’ हेही नको, कारण मागच्या बाकावर बसलेला दुसरा कोणी तेच ऐकायला आलेला असू शकतो. नरकाची धमकीही नको. न्याय देवाचा आहे, आपले काम त्याला त्याच्या हाती सोपवण्याचे.

पुढचे काही महिने त्याचे मित्र आणि भावंडे यांच्यावर लक्ष ठेवा. शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, औषधे आणि कीटकनाशके हाताशी ठेवू नका, डॉक्टरकडे न्या. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते. तो मंदिराच्या सूचना फलकावर लावा. रतामाच्या झुडपाखाली एलीया संदेष्ट्याने मरण मागितले तेव्हा दूताने त्याला बोध केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खायला दिले (१ राजे १९:५-८). देवाची वाणी नंतर आली. आपणही हाच क्रम ठेवावा.

प्रश्न : माझ्या बहिणीची किमोथेरपी चालू आहे. एका प्रार्थना सभेत तिला ‘विश्वास असेल तर औषध बंद कर’ असे सांगितले. शिवाय भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. काय करावे?
— गावाहून आलेला भाऊ, सध्या परळ

उत्तर : औषध बंद करू नका. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया संदेष्ट्याने अंजिरांची चांदकी (ढेप) बांधायला लावली (२ राजे २०:७). लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला ‘प्रिय’ म्हटले. तेल लावून प्रार्थना करा असे याकोब सांगतो, उपचार सोडा असे कुठेच सांगत नाही. पुढची किमो चुकवायला सांगणाऱ्याला तुम्ही दारातच थांबवा, तिला त्याच्याशी वाद घालायला लावू नका.

किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात भेटी बंद ठेवा, प्रार्थना फोनवर होऊ द्या. शंभर किंवा त्याहून जास्त फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. इतर दिवशी एका वेळी दोघे, दहा मिनिटे, मास्क लावून, हात धुऊन. सर्दी-खोकला असलेल्याने येऊ नये. फुले नकोत, अत्तरही नको, वासाने मळमळ वाढते. प्रभुभोजन द्यायचे तर सामायिक प्याला नको, वेगळा स्वच्छ कप घ्या. तोंडात फोड असतील तर भाकरीचा अगदी लहान कण पाण्याने पातळ केलेल्या द्राक्षरसात भिजवून द्या. गिळता आले नाही तर तसे सांगू द्या, प्रभुभोजन अपूर्ण राहत नाही.

प्रश्न : मी नर्स आहे. पहाटे सव्वापाचला घर सोडते, रात्री नऊला परतते. सकाळची शांत प्रार्थना जमत नाही, अपराधी वाटते.
— नालासोपारा

उत्तर : अपराधी वाटून घेऊ नका, पद्धत बदला. स्तोत्र ११९ चे बावीस भाग आहेत, प्रत्येकात आठ ओव्या. रोज एक भाग, म्हणजे कामाचा एक महिना. आदल्या रात्री तो छोट्या कागदावर लिहा. गर्दीत मोबाइल धरण्यापेक्षा चिठ्ठी बरी, आणि लिहिता लिहिता अर्धे पाठ होते. गाडीत उभ्याने एकच ओवी मनात घोळवा. वॉर्डात प्रत्येक खाटेकडे जाताना सॅनिटायझर लावता, त्या वीस-तीस सेकंदांत त्या रुग्णाचे नाव घेऊन प्रार्थना करा. परतीच्या प्रवासात झोप येत असेल तर झोपा. लांब वाचन सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा.

प्रश्न : मुंबईत कबरेला जागा नाही. ख्रिस्ती माणसाने दहन निवडले तर चालेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, माहीम

उत्तर : चालेल. शौलाचे आणि त्याच्या मुलांचे देह याबेशच्या लोकांनी आधी जाळले, मग अस्थी पुरल्या (१ शमुवेल ३१:१२-१३). रोमन कॅथलिक मंडळीने १९६३ पासून परवानगी दिली आहे, मात्र २०१६ च्या सूचनेप्रमाणे रक्षा विखरू नये आणि सहसा घरी ठेवू नये. आपल्या मंडळ्यांतही बंदी नाही. आगीत, समुद्रात, अपघातात गेलेल्यांना जो उठवील त्याला राखेची अडचण नाही.

पण तुमची इच्छा आजच लिहून ठेवा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि एक प्रत पाळकांकडे द्या, म्हणजे त्या दिवशी मुलांमध्ये वाद होत नाहीत. रक्षा कुटुंबाच्या जुन्या कबरेत ठेवायची असेल तर दफनभूमीच्या कार्यालयात आधी विचारा: कबर कायमची आहे की ठरावीक काळाने पुन्हा उघडली जाणारी, ती कोणाच्या नावावर आहे, आणि मूळ पावती कोणाकडे आहे. पावती हरवली असेल तर नोंदवहीतला उतारा आत्ताच मागून घ्या.