स्पार्क प्लग अर्ध्यावर जाम झालाय, इंजिनचं हेड बदलावं लागेल का?

प्रश्न: माझी पेट्रोल हॅचबॅक अकरा वर्षांची आहे, भांडुपला सोसायटीत उघड्यावर उभी असते. सर्व्हिसिंगला दिली तर तीन प्लग सहज निघाले आणि चौथा अर्धा फिरून घट्ट झाला. मेकॅनिक म्हणतो जोर लावून काढतो, आटे गेलेच तर हेड बदलू. काय सांगू त्याला?

उत्तर: पहिलं म्हणजे जोर लावू देऊ नका. प्लग स्टीलचा, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे ताणाताणीत आटे जातात ते हेडचेच. सुरुवातीला फिरला आणि मग अडकला म्हणजे बहुतेक वेळा प्लगच्या खालच्या आट्यांवर कार्बन बसलेला असतो आणि तो वरच्या चांगल्या आट्यांतून खरवडत येतोय, शिवाय आपल्याकडच्या पावसात प्लगच्या खड्ड्यात पाणी साचून गंज धरतो तो वेगळाच.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. खड्ड्यातली माती हवेने उडवा, पंक्चरवाल्याकडची हवा चालते. मग प्लग थोडा परत आत फिरवायचा, गंज सोडवणारं तेल मारायचं, शक्यतो रात्रभर मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पाव फेरा बाहेर, थोडा आत, परत तेल, परत पाव फेरा, असं करत करत काढायचा. वेळखाऊ आहे पण हेड वाचतं हो!

निघाल्यावर प्लग उजेडात धरून बघा. आट्यांत काळी काजळी असेल तर नुसता आटे साफ करायचा चेसर फिरवून भागतं, नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानात विचारा, फक्त माप जुन्या प्लगवरून घ्या कारण कुठे 14 मिमी असतं, बऱ्याच नव्या इंजिनांत 12. चेसरच्या खाचांत ग्रीस भरायचं म्हणजे कचरा सिलिंडरमध्ये न पडता त्यात चिकटतो. पण प्लगच्या आट्यांत चांदीसारखी चमकणारी तार गुंडाळलेली दिसली तर ती हेडचीच आहे, आटे गेले. तरीही हेड बदलायची घाई नको, चांगला इंजिन मशीनिंगवाला मोठा टॅप मारून, म्हणजे मोठे आटे पाडून, स्टीलचा बुश किंवा हेलिकॉइल (आट्यांसाठीची तारेची गुंडाळी) बसवून देतो, नीट बसवलेला बुश मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊच असतो. माझं मत, हे काम हेड उतरवूनच करून घ्या, मजुरी आणि नवी हेड गॅस्केट लागेल पण धातूचा कीस सिलिंडरमध्ये जायची भीती नाही.

आणि आटे सगळ्यात जास्त खराब होतात ते प्लग बसवताना, हे मेकॅनिकला स्पष्ट सांगा. प्लगच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून हाताने फिरवायचा, तिरका लागला तर नळी घसरते पण आटा वाचतो. पूर्ण आत गेल्यावरच पाना. वॉशरवाला नवा 14 मिमी प्लग असेल तर हाताने टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा) असेल तर 25 ते 30 न्यूटन मीटर, 12 मिमीला 15 ते 20. आट्यांना ग्रीस लावू देऊ नका, घर्षण कमी होऊन त्याच आकड्यावर प्लग जास्त आवळला जातो.

तोपर्यंत अर्धवट निघालेल्या प्लगवर गाडी चालवत घरी आणू नका, प्लग उडून बाहेर येऊ शकतो. गाडी तिथेच राहू द्या, नाहीतर टो करून दुसरीकडे न्या.